दुखणं कधीपासूनचं

चपलाबुटांच्या एका मोठ्या दुकानात, अगदी मागच्या बाजूला, जिन्याखाली एक खिडकी होती. विकलेला माल परत घ्यायचा की नाही, ते तिथं ठरायचं. ठरवणारी बाई उंचीनं बेताची, गळ्यात दोरीला बांधलेला चष्मा, चेहऱ्यावर ना हसू ना राग. समोर कुणी खोका ठेवला की ती झाकण काढायची, जोड बाहेर घ्यायची आणि आधी उलटा करायची. वरचं चामडं, रंग, शिलाई हे सगळं मागाहून. आधी तळ.

"पायातसुद्धा घातले नाहीत हो, जसे नेले तसे आणले," असं म्हणणाऱ्याच्या बुटाच्या खाचेत बारीक खडी अडकलेली असायची. बाई वाद घालायची नाही. नखानं खडा उकरून काढायची आणि काउंटरवर ठेवायची. समोरचा माणूस खड्याकडे बघायचा, बाई माणसाकडे बघायची, आणि खोका आल्या वाटेनं परत जायचा.

दुकानातली पोरं तिला तळबाई म्हणायची. तोंडावर नाही, पण अशा गोष्टी कानावर आल्याशिवाय राहतात थोड्याच? "तळबाईंच्या घरी दुधाचं पातेलंसुद्धा आधी उलटं करून बघतात," असं एकजण म्हणाला होता. तिनं ते ऐकलं आणि मनात म्हणाली, बघत नाही, पण पाणी किती घातलंय ते वासावर सांगते.

संशय हा काही तिचा दुर्गुण नव्हता, निदान तिला तसं वाटत नसे. कुणाला गोड गळा मिळतो, कुणाला शिवणाचा हात. देवानं आपल्याला ही नजर दिली, असं ती धरून चालायची. रोज सकाळी देवापुढे हात जोडायची, पण तिथंही मागणं मोजकंच असायचं. "तुला सगळं दिसतंय, मला थोडं दिसू दे," एवढंच.

नवरा मात्र दुसऱ्या टोकाचा. छापखान्यात कागद कापायच्या यंत्रावर त्याची सारी उमर गेलेली. कुणी त्याला सांगितलं की आज सूर्य सुट्टीवर आहे, तर म्हणाला असता, "असेल बुवा, त्यालाही दमायला होत असेल." भोळा सांब. अशा माणसाच्या पोटात काही लपून राहील असं तिला कधी वाटलं नव्हतं. पण मागच्या थंडीत तिच्या ध्यानात आलं, की शिंक आली की ह्याचा एक हात नाकाशी जातो आणि दुसरा जांघेशी. पँट घालताना हा पलंगावर बसायला लागला. तिनं थोडे दिवस नुसतं बघितलं आणि मग एका सकाळी दाराला पाठ लावून उभी राहिली.

"काय होतंय तिथं?"

"कुठं काय होतंय?"

"हात कुठं गेला होता आत्ता?"

बिचारा पकडला गेला. जांघेत लिंबाएवढा फुगवटा होता. आडवं झालं की आत जायचा, उभं राहिलं की बाहेर यायचा.

सर्जननं हात लावल्या लावल्या सांगितलं, "हर्निया आहे. आत जाळी बसवावी लागेल. आत्ता ठरवून, सावकाश करता येईल. आतडं अडकलं तर मात्र धावपळीत करावं लागतं, आणि ते प्रकरण वेगळं असतं."

दिवसभर हातभर लांब पात्यासमोर उभा राहणारा माणूस, पण ऑपरेशन म्हटल्यावर त्याचा चेहरा कोऱ्या कागदासारखा झाला. आज नको, उद्या बघू, काम आहे, साहेब सोडत नाहीत, अशी टोलवाटोलवी चालली. शेवटी सासरी असलेल्या मुलीनं फोनवर रडून त्याच्याकडून होकार घेतला. तोही अट घालून. "डॉक्टरांनी दिलेली ही एकच तारीख. त्या दिवशी झालं तर झालं. पुढं ढकललं तर मी पुन्हा त्या दारात पाय ठेवणार नाही."

एरवी सगळ्याला हो म्हणणाऱ्या माणसाचा नकार आला, की तो दगडावरची रेघ असायचा. तळबाईला हे पक्कं ठाऊक होतं. म्हणजे आता सगळा खेळ त्या एका तारखेवर आला. त्या तारखेला ऑपरेशन व्हायचं, तर त्याआधी विमा कंपनीची मंजुरी हवी. मंजुरी नसती तर सगळा खर्च आधी पदरचा घालावा लागला असता आणि पदर काही एवढा लांब नव्हता.

हॉस्पिटलच्या तळमजल्यावर विम्याची वेगळी खिडकी होती. आत एक तरुण मुलगी, केसांना चाप, गळ्यात ओळखपत्र, आवाज मधात बुडवलेला. तळबाईला खिडकीच्या ह्या बाजूला बसायची सवय नव्हती. खुर्ची खाली आणि खिडकी वर होती. ही उंची मुद्दाम ठेवली असणार, असं तिला लगेच वाटलं.

"काकू, अजिबात काळजी करू नका. तुमची पॉलिसी चांगली आहे. होऊन जाईल."

"होऊन जाईल म्हणजे झालंय का?"

"म्हणजे, आज आपण कागद पाठवतो, ते तपासतात, मग मंजुरी येते."

"आणि नाही आली तर?"

"येते हो. बहुतेक सगळ्यांची येते."

"बहुतेकांत न बसलेलेही कुणीतरी असतीलच की. तेही ह्याच खुर्चीवर बसून गेले असतील ना?"

मुलीनं मान वर करून पहिल्यांदा नीट बघितलं. तळबाईनं पर्समधून चष्मा पुसायचं फडकं काढलं, चष्मा पुसला आणि विचारत सुटली. हॉस्पिटल कंपनीच्या यादीत आहे ते आजही आहे, की मागच्या वर्षी होतं? खोली कुठल्या दर्जाची चालेल? वरची घेतली तर फक्त खोलीचा फरक द्यायचा, की सगळ्या बिलाला कात्री? जाळी मंजुरीत धरलीय, की ती मागाहून आमच्या गळ्यात? आणि आलेली मंजुरी आयत्या वेळी मागं घेता येते का?

"काकू, तुम्ही ह्याच लाइनमध्ये होता का?" मुलीनं हसून विचारलं.

"नाही. मी चपला परत घेते."

मुलीचं हसू थांबलं. तिनं उत्तरं मात्र दिली, काही ठाम आणि काही "बहुधा" लावून. "बहुधा" आलं की तळबाई तेच पुन्हा विचारायची.

एवढं गोड बोलणाऱ्यावर तिचा विश्वास बसणं शक्यच नव्हतं. गूळ तिथं मुंगळा हे खरं, पण दुकानात तिनं पाहिलेले सगळे लबाड गुळासारखेच बोलत आलेले. म्हणून दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिनं स्वतः कंपनीला फोन लावला. बराच वेळ वाजंत्री वाजली. मधूनमधून एक बाई सांगायची की तुमचा फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. महत्त्वाचा असता तर उचलला नसता का, असं म्हणत तळबाईनं डबा संपवला. शेवटी एक माणूस आला. हो, हॉस्पिटल यादीत आहे. हो, हर्नियासाठी पॉलिसी घेतल्यापासून जी वाट बघायची मुदत असते ती संपलेली आहे. हो, ठरवून करायच्या ऑपरेशनला आधीच मंजुरी मागायची असते, ती मागणी पोचली आहे. शंका निघाली तर हॉस्पिटलला कळवू.

"शंका कसली?"

"ते तपासणारे बघतील, मॅडम."

म्हणजे तिकडंही एक खिडकी होती आणि खिडकीत बसून कुणीतरी तळ बघत होतं.

तिसरा नंबर नणंदेच्या नवऱ्याचा. पॉलिसी त्यानंच गळ्यात मारलेली. हा माणूस विमे विकायचा आणि विकताना असा बोलायचा, की ऐकणाऱ्याला आजारी पडावंसं वाटावं.

"वहिनी! अहो, मी आहे ना!"

"तुम्ही आहात म्हणूनच विचारतेय, भाऊजी. फॉर्म भरताना जुनी दुखणी विचारली होतीत का ह्यांना?"

"म्हणजे काय! समोर बसवून विचारलं. दादा म्हणाले, मला काय धाड भरलीय. मी लिहिलं, काही नाही."

"मी कुठं होते तेव्हा?"

"तुम्ही चहा टाकत होता. आणि कपात साखर कमी घातली होतीत, तेही आठवतंय मला."

साखरेचं खरं होतं. म्हणून बाकीचंही खरं असेल असं नाही, पण त्याच्या बोलण्यात कुठं धागा तुटत नव्हता. तिनं फोन ठेवला. चार दिवस गेले.

मग मेसेज आला. ती एका बाईचे सँडल उलटे करून बघत होती. फोन थरथरला. कंपनीनं हॉस्पिटलकडे खुलासा मागितला होता, खुलासा येईपर्यंत मंजुरी थांबली होती. तळबाईनं सँडल तसेच परत घेतले, न तपासता. शेजारच्या पोरानं डोळे विस्फारले. हा प्रकार त्यानं आयुष्यात पाहिला नव्हता.

हॉस्पिटलच्या खिडकीवर ती जवळजवळ धापा टाकत पोचली.

"काय विचारलंय त्यांनी?"

"काकू, बसा तर."

"बसायला नाही आले. काय विचारलंय?"

मुलीनं संगणकाचा पडदा जरा तिच्याकडे वळवला. कागदात लिहिलं होतं, की पेशंटला हा त्रास अनेक वर्षांपासून आहे. कंपनीचं म्हणणं सरळ होतं. अनेक वर्षांपासून आहे, म्हणजे पॉलिसी घेण्याआधीपासून. मग ते तेव्हा सांगितलं का नाही?

"नीट उत्तर नाही गेलं तर नाकारतील," मुलगी म्हणाली. आवाजातला मध आता कमी झाला होता. "आणि माहिती लपवली असं धरलं, तर पॉलिसीवरच येतं."

"अनेक वर्षं हे घातलं कुणी? मागच्या थंडीतलं आहे ते. तुम्ही घातलंत?"

"मी कशाला घालू?"

"तुमच्या हातूनच गेले ना कागद?"

"काकू, मी गोड बोलते म्हणजे खोटं बोलते असं नाही हं." मुलीचे कान लाल झाले. तिनं फाइल उघडून सर्जनच्या पहिल्या तपासणीचा कागद समोर धरला. "हे डॉक्टरांचं अक्षर. पेशंट जे सांगतो तेच ते लिहितात."

अक्षर डॉक्टरांचंच होतं. तळबाईला आठवलं, की त्या दिवशी ती फाइलवर शिक्का मारून घ्यायला बाहेर गेली होती. तेवढाच वेळ हा भोळा सांब डॉक्टरपाशी एकटा बसला होता.

बाहेरच्या बाकावर बसून तिनं कंपनीला फोन लावला. ह्या वेळी बाई होती. आवाज सपाट, घाई नाही, राग नाही.

"त्रास नक्की कधी सुरू झाला, मॅडम?"

"मागच्या थंडीत."

"मग डॉक्टरांनी अनेक वर्षं का लिहिलं असेल?"

"चुकून."

"चूक डॉक्टरांची की पेशंटची?"

"ते मी बघते."

"त्याआधी त्रास नव्हता, हे तुम्हाला कशावरून माहीत?"

"मी बायको आहे त्यांची."

पलीकडे जरा शांतता. मग तोच सपाट आवाज. "डॉक्टरांचा लेखी खुलासा पाठवा, मॅडम."

त्या शांततेनं तळबाईच्या अंगावर काटा आला. ती शांतता तिच्या ओळखीची होती. नखानं खडा काढून काउंटरवर ठेवला, की ती स्वतः तेवढाच वेळ गप्प बसायची.

आणि मग खरा संशय आला. आतापर्यंतचे सगळे बाहेरच्यांवर होते, हा घरात शिरला. कशावरून माहीत? खरंच, कशावरून? फुगवटा तिनं पकडला म्हणून तो मागच्या थंडीतला. ज्यानं थोडे दिवस लपवलं, त्यानं थोडी वर्षं लपवली नसतील कशावरून? चालता चालता ती जुने दिवस एकेक करून उलटे करू लागली. घर बदललं तेव्हा कपाट उचलायला ह्यानं हमाल बोलावले होते. एवढासा जिना, आणि हमाल! तेव्हा वाटलं होतं, माणूस हौशी आहे. मुलीच्या लग्नात नवरदेवाच्या मित्रांनी नाचायला ओढलं तर हा पाय मुरगळला म्हणून खुर्चीत बसून राहिला. पाय खरंच मुरगळला होता? सायकल विकली ती का? एका कुशीवर झोपायला कधीपासून लागला? शंकेला एकदा दार उघडलं की ती पाहुण्यासारखी एकटी येत नाही, गणगोत घेऊन येते. कोपऱ्यावर पोचेपर्यंत तळबाईला वाटायला लागलं, की आपण ज्याच्याबरोबर संसार केला तो माणूस आपण कधी पाहिलेलाच नाही.

आणि ते खरं निघालं तर? तर डॉक्टरांकडून "मागच्या थंडीतलं" असं लिहून घेणं म्हणजे वापरलेला बूट नवा म्हणून खोक्यात घालण्यासारखंच होतं. ते तिला जमणार नव्हतं. तारीख गेली तरी, पोटातलं आतडं अडकलं तरी, जमणार नव्हतं. आणि हे मनात आल्यावर तिला रडू आलं. रस्त्यात रडणाऱ्यांतली ती नव्हती, म्हणून तिनं चष्मा काढून पुसला.

घरी न जाता ती थेट छापखान्यात गेली. यंत्रांच्या आवाजानं जमीन थरथरत होती. शाईचा वास, कापलेल्या कडांचे ढीग, भिंतीशी छताला टेकलेल्या कागदाच्या थप्प्या. नवरा पात्याखाली कागद सरळ करत होता. बायकोला दारात बघून त्यानं यंत्र बंद केलं, आधी दोन्ही हात मागं घेऊन. ह्या बाबतीत तो पक्का होता.

"मुलगी बरी आहे ना?" त्याचा पहिला प्रश्न.

"मुलगी बरी आहे. तुम्ही डॉक्टरांना काय सांगितलंत?"

"कधी?"

"मी शिक्का मारायला गेले तेव्हा."

त्यानं हातावरची धूळ झटकली. मग थप्पीची कड सरळ केली. ती आधीच सरळ होती.

"सांगितलं काहीतरी."

"अनेक वर्षांचं दुखणं आहे म्हणून?"

"...म्हणालो असेन."

"आहे का?"

यंत्र बंद असल्यामुळं तो प्रश्न जरा मोठाच वाजला. बाइंडिंगवरची माणसं मान खाली घालून जास्तच मन लावून काम करायला लागली. नवऱ्यानं तिला कागदांच्या थप्प्यांच्या मागं नेलं.

"अगं, मी म्हटलं, जुनं आहे म्हटल्यावर डॉक्टर म्हणतील, एवढी वर्षं काही झालं नाही ना, मग राहू दे तसंच. जुन्या दुखण्याला कोण हात लावतं? आपल्या नळाचंच बघ. गळतोय वर्षानुवर्षं, पण प्लंबर म्हणतो, राहू दे, हात लावलात तर फुटेल."

"तुम्ही म्हणजे नळ आहात?"

"घाबरलो होतो मी."

"आणि पॉलिसीचं? हे बोलून तिचं काय होईल, ते माहीत होतं?"

"पॉलिसीचा काय संबंध?" त्यानं इतक्या कोऱ्या चेहऱ्यानं विचारलं, की एरवी तिला हसू आलं असतं.

तिनं सगळं सांगितलं. मंजुरी थांबली ते, कंपनी काय म्हणते ते. मग त्याच्या डोळ्यांत बघून विचारलं, "आता मला सांगा. खोटं तेव्हा बोललात, की आत्ता बोलताय?"

तो भोळा होता, पण त्यालाही मान होता. "मला तुझ्या खिडकीतल्या बुटासारखं उलटं करून बघू नकोस," तो म्हणाला. आवाज चढला नाही, पण लग्नानंतर इतक्या वर्षांत तो तिच्याशी असं बोलला नव्हता. "एकदा लपवलं मी. थोडे दिवस. लाज वाटली म्हणून. त्याच्या आधी काही नव्हतं."

"कपाटाला हमाल आणले होतेत."

"कपाट तुझ्या आईचं होतं. पाडलं असतं तर जन्मभर ऐकावं लागलं असतं."

"आणि लग्नात नाचला नाहीत?"

"मला नाचता येत नाही गं!"

पुरावा म्हणून ह्या माणसापाशी काहीच नव्हतं. आणि मग तिला एक गोष्ट दिसली, खिडकीत इतकी वर्षं बसून कमावलेली. खोटं माणूस फायद्यासाठी बोलतो. "नाही घातली" म्हणतो, कारण पैसे परत हवे असतात. "हो, घातली दोनदा," असं आपणहून सांगायला आजवर कुणी तिच्याकडे आलेलं नव्हतं, आणि आलं असतं तर तिनं त्या माणसाचा तळ बघितला नसता. आता ह्या माणसाचं बघा. "अनेक वर्षांचं आहे" एवढ्याच शब्दाला हा चिकटून राहिला असता, तर मंजुरी नाकारली गेली असती, तारीख गेली असती, आणि ह्याची सुटका झाली असती, कायमची. त्याला हवं होतं ते त्याच्या हातात येऊन पडलं होतं. आणि "खोटं बोललो" असं म्हणून तो ते सोडून देत होता.

"हे डॉक्टरांसमोर सांगाल?" तिनं हळू विचारलं.

"सांगितलं की मग ऑपरेशन होईल?"

"बहुधा."

"तू बहुधा म्हणायला कधीपासून लागलीस?" तो म्हणाला आणि यंत्राकडे गेला.

सर्जनसमोर दोघं बसले तेव्हा त्यानं सांगितलं. तिनं एक शब्दही मध्ये घातला नाही, हे तिचं तिलाच खरं वाटेना. "साहेब, मी घाबरलो होतो. जुनं म्हटलं की तुम्ही सोडून द्याल, असं वाटलं."

सर्जन चिडले. "पेशंट लपवतात हे ऐकलंय. वाढवून सांगतात हेही ऐकलंय. ऑपरेशन चुकवायला दुखणं जुनं करणारा पहिलाच पाहिला." मग त्यांनी पुन्हा तपासलं आणि बारकाईनं विचारलं. पहिल्यांदा कधी जाणवलं, काय उचलत होता, तेव्हा केवढं होतं, आता केवढं आहे. शेवटी म्हणाले, "मी खुलासा देतो. पण जे तपासून दिसतंय आणि तुम्ही जे सांगताय, तेवढंच लिहीन. आधी काय लिहिलं होतं तेही त्यात राहील आणि का बदललं तेही. खाडाखोड होणार नाही."

"तसंच हवंय," तळबाई म्हणाली.

खिडकीवरच्या मुलीनं खुलासा पाठवला. तळबाईनं पडद्यावर "पोचलं" असं आलेलं स्वतः पाहिलं, पाठवलेला कागद सगळा गेला की शेवटचं पान राहिलं, तेही विचारलं. मुलगी म्हणाली, "काकू, तुम्ही इथंच नोकरीला या." टोमणा होता, पण आधीइतका बोचरा नव्हता.

मग वाट बघणं. मंजुरी येईल तोवर नवरा रोज विचारायचा, "आलं का काही?" आणि त्या विचारण्यात आशा आहे की भीती, हे तिला ओळखू येत नव्हतं. नणंदेच्या नवऱ्याचा फोन आला, "वहिनी, मी वर बोलून ठेवलंय." वर म्हणजे कुठं, हे तिनं विचारलं नाही. वर बोलायचं ते तीही रोज सकाळी बोलतच होती.

तारखेच्या आदल्या दुपारी खिडकीवरच्या मुलीचाच फोन आला. "काकू, आली. या."

आली म्हणजे काय आली, हे ऐकल्याशिवाय तळबाई हसणार नव्हती. मुलीनं ओळीवर बोट ठेवून वाचून दाखवलं. ऑपरेशन मंजूर, जाळी मंजूर, खोली साधी. ही पहिली मंजुरी, शेवटचं बिल गेल्यावर पुन्हा एकदा तपासणार. हातमोजे, कापूस असल्या बारीकसारीक गोष्टी आपल्याला भराव्या लागणार.

"म्हणजे अजून पुरतं झालेलं नाहीच," तळबाई म्हणाली.

"पुरतं असं कशातच नसतं, काकू. पण उद्याचं ऑपरेशन ह्याच्यामुळं अडत नाही. एवढं मी बहुधा न लावता सांगते."

तळबाईनं कागद घेतला, घडी घातली, आणि मग तिला बसायला खुर्ची शोधावी लागली. इतके दिवस भांडायला कुणीतरी समोर होतं. कधी ही मुलगी, कधी कंपनी, कधी भाऊजी, कधी नवरा. कागद अडलेला होता, तोवर सुरीही लांब होती. आता सगळ्यांनी हो म्हटलं होतं आणि मधे कुणी उरलं नव्हतं. आपल्यालाही हे अडून राहायला हवं होतं की काय? हा संशय तिचा स्वतःवरचा होता, आणि तो तिनं तसाच राहू दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवरा हिरव्या झग्यात पलंगावर बसला होता. नर्सनं सांगितल्यावर त्यानं पुढच्या दातांची कवळी काढून तिच्या हातावर ठेवली. कवळीशिवाय तो बाहेरच्या माणसांसमोर कधी तोंड उघडत नसे.

"पळून जाऊ का गं?" तो बोळक्या तोंडानं कुजबुजला.

"जा. झग्याला मागं नुसत्या नाड्या आहेत. वॉर्डाची करमणूक होईल."

तो हसला आणि लगेच तोंडावर हात धरला. इतक्यात ढकलगाडी घेऊन वॉर्डमामा आला.

"थांबा," तळबाई म्हणाली. "कुठली बाजू?"

"उजवी. कागदावर आहे, बाई."

"कागदावर आहे ते मी वाचलंय. अंगावर?"

"डॉक्टरांनी खूण केलीय सकाळी."

"दाखवा."

मामानं कपाळाला हात लावला. नवऱ्यानंच चादर जरा बाजूला केली. उजव्या जांघेच्या वर निळ्या शाईचा बाण होता. तिनं चष्मा लावून पाहिला, मग अंगठ्यानं घासून पाहिला. शाई पक्की होती. अंगठा मात्र तिनं लगेच उचलला नाही. ओठ हलले, देवाचं नाव तिनं मनातच घेतलं.

"तुझा हात किती गार पडलाय," तो म्हणाला.

"इथं थंडी फार ठेवलीय."

साऱ्या जगावर विश्वास ठेवणारा तो माणूस, पण हे काही त्यानं मानलं नाही. त्यानं तिचा गार हात दोन्ही हातांत धरला आणि मामा गाडी ढकलायला लागेपर्यंत सोडला नाही.